मागाच्या खोलीत मण्यांचा पसारा

संक्रांतीच्या आधी मी स्टेटसला एका नथीचा फोटो टाकला होता. नथ राहिली बाजूला, चार-पाच जणींनी विचारलं की मागं ते लाकडाचं काय दिसालंय आणि तू बसतेस तरी कुठं एवढं सगळं घेऊन. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होते, आज रात्री पाणी यायचंय त्यामुळं तशीही जागीच आहे, म्हणलं लिहून टाकावं.

मी दागिने बनवते म्हणजे सोन्याबिन्याचे नाही हां. नथी, मोत्याचे नि क्रिस्टलचे कानातले, काळ्या मण्यांची छोटी मंगळसूत्रं, कधीतरी एखादी ठुशी, आणि जानेवारीत हलव्याचे दागिने. २०२० च्या लॉकडाऊनमधे घरात बसून बसून सुरू केलं, आधी स्वतःसाठी, मग नणंदेसाठी, मग नणंदेच्या ऑफिसातल्या बायकांसाठी, आणि मग एकदम कळलं की हॉलमधला दिवाण आता दिवाण राहिलेलाच नाही.

दिवाणावर काम म्हणजे कसं, रोज दुपारी सगळं पसरायचं आणि सहा वाजता सगळं आवरायचं. फराळाच्या दोन मोठ्या स्टीलच्या डब्यात माझं दुकान. पसरायला वीस मिनिटं, आवरायला वीस मिनिटं, मधे कुणी आलं की वरून चादर टाकायची आणि पाहुणे नेमके त्याच चादरीवर बसणार. एकदा आत्यासासूबाई बसल्या आणि उठल्या तेव्हा साडीला मागं तीन कानातले लटकत होते. पण खरं कारण वेगळं झालं. अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, जेवणाच्या ताटात, भातात, मणी निघाला. दाताखाली कट्ट झालं आणि त्यांना वाटलं दाढ गेली, सगळं घर जागेवर उभं, मी बॅटरी घेऊन त्यांच्या तोंडात बघते आहे, आणि निघाला काय तर चार मिलीमीटरचा काळा क्रिस्टल. अण्णा काही बोलले नाहीत, मणी धुऊन माझ्या हातात दिला आणि पुढचा घास घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणले, मागाची खोली घे.

आमचं घर सोलापुरात पूर्व भागात आहे, जुनं, वर पत्रा. मागच्या बाजूला एक लांबट खोली आहे तिला सगळे अजून मागाची खोलीच म्हणतात, तिथं माग नाही त्याला आता पंचवीसेक वर्षं झाली. अण्णांच्या वडिलांचा खड्डा माग होता तिथं, म्हणजे विणणारा जमिनीवर बसणार आणि पाय खाली खड्ड्यात सोडून पावड्या मारणार. अण्णा पण त्याच्यावरच शिकले, मग कारखान्यात गेले पॉवरलूमवर. माग विकला, खड्डा राडारोडा टाकून बुजवला, वर शहाबादी बसवली, पण तेवढा चौकोन कायम जरा खचलेला आहे. हे मी मुद्दाम सांगते आहे कारण माझा टेबल बरोबर तिथंच आला आणि पहिला महिनाभर एका पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या घालून घालून वैताग आला.

खोली मिळाली म्हणजे रिकामी मिळाली असं नाही. तिथं पाण्याचे तीन ड्रम होते. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसाआड येतं, त्यामुळं ड्रम हा घरातला सगळ्यात महत्त्वाचा मेंबर आहे आणि त्याला जागेवरून हलवायचं म्हणजे सासूबाईंशी बोलणी. दोन ड्रम अंगणात गेले, एक राहिला. तो अजून आहे. त्याच्यावर मी फळी टाकून पॅकिंगचं सामान ठेवते आणि पाणी आलं की पॅकिंग उचलून दिवाणावर. म्हणजे दिवाण काही सुटला नाही.

आता माझा मूर्खपणा सांगते. खोली मिळाल्याबरोबर मी काय केलं तर डबे घेतले. मोबाइलवर बघून बघून डोकं फिरलं होतं, पांढरं टेबल, पारदर्शक डबे, प्रत्येकाला गोड लेबल. मी २४ कप्प्यांचे सहा डबे मागवले आणि अख्खा एक रविवार सगळे मणी रंगाप्रमाणे लावले. लाल एका डब्यात, हिरवे एका डब्यात, गुलाबीत सुद्धा फिकट ते गडद अशी ओळ. काय सुंदर दिसत होतं म्हणून सांगू. फोटो काढले, पाठवले, सगळ्यांनी वा वा केलं. आणि सोमवारी एक साधं मंगळसूत्र करायला बसले तर काळे मणी एका डब्यात, सोनेरी गोल मणी दुसऱ्या, वाट्या तिसऱ्या, हुक नि जंप रिंग, म्हणजे जोडायच्या बारीक कड्या, चौथ्या, आणि ती क्रिम्प, म्हणजे दोऱ्याचं टोक पक्कं करायला दाबायचा बारीक मणी, कुठं गेली देव जाणे, कारण क्रिम्पला रंग काय म्हणायचा? पाच डबे उघडे, पाच झाकणं, कोपर लागून एक आडवा झाला आणि गुलाबीची ती गडद ते फिकट ओळ सगळी फरशीवर. शहाबादीच्या सांध्यातून मणी काढायला सेफ्टी पिन लागते, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं.

तेव्हाच शेजारच्या अक्का आल्या. अक्कांनी आयुष्यभर विड्या वळल्या, आता डोळ्यामुळं कमी केलंय पण बंद नाही. त्या त्यांचं सूप घेऊनच येतात गप्पा मारायला, मांडीवर सूप, तोंड चालू आणि हात पण चालू. मी मणी वेचत होते आणि त्या बघत होत्या. मग म्हणल्या, "एवढं डबे कशाला आणलीस गं?" मी म्हणलं, "अक्का, व्यवस्थित ठेवायला." त्या हसल्या. "झाकण उघडस्तोवर माझ्या पाच विड्या होत्यात की."

मी पहिल्यांदा त्यांच्या सुपाकडं नीट बघितलं. इतकी वर्षं समोर होतं, कधी बघितलंच नव्हतं. भिजवून कापलेली पानं एका अंगाला, तंबाखू पुढं मधोमध, दोऱ्याचं रीळ उजव्या गुडघ्यापाशी आणि त्याचं टोक कायम सुपाच्या काठावर एका खाचेत अडकवलेलं, कात्री नि पत्र्याचा साचा मांडीला लागून, आणि झालेल्या विड्या पलीकडच्या काठाला रांगेत. त्या माझ्याकडं बघत बोलत होत्या आणि हात खाली न चुकता पानावरून तंबाखूवर, तंबाखूवरून दोऱ्यावर. त्या सुपात विडीला लागतं तेवढंच आहे, एक वस्तू जास्त नाही. आणि माझ्या टेबलावर दागिन्याला लागतं ते सोडून सगळं होतं.

त्या आठवड्यात मी रंगाची सगळी मांडणी मोडली. हळहळ झाली, खोटं नाही सांगत. आता मी कामाप्रमाणे लावते. बेकरीत असतात तसे ॲल्युमिनियमचे बुटके ट्रे आणलेत, नथीचा एक, मंगळसूत्राचा एक, कानातल्यांचा एक. नथीच्या ट्रेमधे नथीचे मोती, नथीची तार, लाल-हिरवे खडे, क्लिपा, सगळं एकत्र, छोट्या छोट्या वाट्यांत, झाकण नाही. कानातल्यांच्या ट्रेमधे पण मोती आहेत, म्हणजे मोती दोन ठिकाणी झाले, आणि व्यवस्थितपणाची हौस असलेल्या माणसाला ते खुपतं, पण खुपू दे. नथ करायची तर एक ट्रे उचलायचा, बाकीचे रॅकवर. ते २४ कप्प्यांचे डबे आता वर स्टॉक ठेवायला आहेत, आणि त्यांच्यावर लेबल रंगाचं नाही तर मापाचं आणि कुठून घेतलं त्याचं. हे मापाचं लिहायचं का, तर बारीक सीड बीड्सचा नंबर उलटा चालतो, ११ नंबर म्हणजे साधारण दोन मिलीमीटर आणि ८ नंबर म्हणजे तीनच्या आसपास, नंबर वाढला की मणी लहान. मी सुरुवातीला मोठे पाहिजेत म्हणून मोठा नंबर मागवला होता. ते मणी अजून पडून आहेत, मोहरीएवढे.

रोजच्याला जे सगळ्याच कामात लागतं, जंप रिंग, मणी ओवायच्या छोट्या पिना (हेड पिन, आय पिन), क्रिम्प, कानाचे हुक, ते मात्र एका मसाल्याच्या डब्यात. सात वाट्यांचा जुना डबा, सासूबाईंनी नवा घेतला तेव्हा हा मी मागून घेतला. धुऊन, उन्हात ठेवून, परत धुऊनही आठवडाभर माझ्या कानातल्यांना हिंगाचा वास होता.

टेबलाचं सांगायचं राहिलं. टेबल म्हणजे शिलाई मशीनचं, मशीन काढून टाकलेलं, भंगारवाल्याकडून ४५० ला. छान मजबूत, पण उंची साधी टेबलाची, आणि त्याच्यावर नथ करायची तर मान खाली घालून घालून मानेचं वाटोळं. मी एकदा चांदीच्या तारेला टाका लावून, म्हणजे तापवून जोड देऊन, घ्यायला सराफ बाजारात आमच्या ओळखीच्या कारागिराकडं गेले होते, तर ते बसतात खाली मांडी घालून आणि पुढं बुटकं चौरंगासारखं लाकूड, म्हणजे काम त्यांच्या छातीपाशी येतं. कामाकडं वाकायचं नाही, काम वर आणायचं. परत येऊन मी टेबलाच्या चारी पायांखाली दोन दोन विटा टाकल्या, टेबल तीन फुटाच्या आसपास आलं, खुर्ची तीच जुनी ठेवली. पहिले दोन दिवस शाळेतल्या बाकावर बसल्यासारखं वाटलं, मग मान दुखायची थांबली. विटांमुळं तो खचलेल्या चौकोनाचा प्रश्न पण सुटला, तिथल्या विटेखाली फक्त एक फरशीचा तुकडा.

त्या कारागिरांकडून अजून एक उचललं. ते खण अर्धा उघडा ठेवून त्याच्यावर काम करतात, जे पडेल ते खणात. त्यांचं पडतं ते सोनं, माझे पडतात मणी, पण गुडघ्यावर बसून शोधायचा त्रास सारखाच. माझ्या टेबलाला मधे खण नाही, बाजूला आहे. म्हणून मी एक जुना टॉवेल घेतला, त्याची एक बाजू टेबलाच्या कडेला खालून बारीक खिळे मारून पक्की केली आणि दुसरी बाजू कामाला बसले की कमरेला खोचते. पदरच तो, टेबलाचा. मणी सुटला की पदरात. फक्त फोन वाजला आणि झटकन उठले की मग कार्यक्रम होतो, दोनदा झाला आहे.

टॉवेलावरून आठवलं. टेबलावर मण्यांखाली काहीतरी मऊ पाहिजे, नाहीतर घरंगळतात. त्याच्यासाठी वेगळी मॅट विकत मिळते. सोलापुरात राहून कापड विकत घ्यायचं म्हणजे अण्णांना काय तोंड दाखवायचं, म्हणून मी टर्किश टॉवेलचा तुकडा टाकला. चूक! टर्किशचे ते जे फंदे असतात ना वर, त्यात तारेचं टोक अडकतं, हुक अडकतात, एक कानातला उचलला की त्याच्यामागं धागा निघत येतो. मग चादर टाकली, आपली ती प्रसिद्ध नक्षीची. ती सपाट, घट्ट विणीची, मणी जागेवर बसतो, पोत एकदम बरोबर. पण नक्षीत मणी दिसतच नाही. मोरावर हिरवा मणी ठेवला की गेला तो मोराच्या पोटात. शेवटी अण्णांनीच कुठून तरी एका बिननक्षीच्या राखाडी चादरीचा तुकडा आणून दिला, त्याच्या कडा मी शिवल्या, तो आज दोन वर्षं चालू आहे. राखाडीवर पांढरा मोती पण दिसतो आणि काळा मणी पण.

उजेडाचं मी फार उशिरा सुधारलं. खोलीत ट्यूब माझ्या मागं होती, म्हणजे माझीच सावली माझ्या कामावर, आणि मी चष्म्याचा नंबर वाढला म्हणून डॉक्टरकडं जाऊन आले. नंबर तोच होता. आता डाव्या हाताला एक मान वळणारा दिवा आहे, मी उजवी आहे म्हणून डावीकडून, म्हणजे हाताची सावली कामावर येत नाही. बल्ब पिवळा घ्यायचा नाही, फार निळसर पांढरा पण नाही, मधला ४००० केल्विनवाला मिळतो तो घ्यायचा. पिवळ्या उजेडात मी एकदा पांढऱ्या आणि क्रीम मोत्यांची एकच माळ ओवली होती आणि गिऱ्हाइकानं ती दुपारी गच्चीवर नेऊन बघितली. परत आली माळ.

तारेचं मात्र जरा सविस्तर सांगते कारण ह्यात मी पैसे घालवलेत. तारेला नंबर असतो, गेज, आणि नंबर जास्त म्हणजे तार बारीक, इथवर मला माहिती होतं. पण २४ नंबर म्हणजे सगळीकडं तेच २४ नाही. आपल्याकडं हार्डवेअरच्या किंवा तारेच्या दुकानात जो नंबर चालतो तो बहुतेक ब्रिटिश मापाचा, एसडब्ल्यूजी, त्यात २४ म्हणजे ०.५६ मिलीमीटर. आणि व्हिडिओ बघून शिकतो त्यातल्या बायका अमेरिकेतल्या असल्या की त्यांचा नंबर एडब्ल्यूजी, त्यात २४ म्हणजे ०.५१. तुम्ही म्हणाल एवढ्यानं काय होतंय. मोत्याच्या बारीक भोकातून तार एकदा जाऊन परत दुसऱ्यांदा काढायची असते, तेव्हा काय होतंय ते कळतं. दुसऱ्या वेळी तार जात नाही, आपण जोर लावतो, आणि मोत्याचं भोकापाशी टवकं उडतं. सहा मोती घालवले मी असे. नवरा म्हणाला मोती खराब आहेत. मोती बरे होते. त्यानंतर मी एक साधं व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं माप, घेतलं, आता दुकानदार काय नंबर सांगतो ते ऐकते आणि घरी येऊन मिलीमीटरमधेच लिहून ठेवते.

आणि तार ठेवायची कशावर हा पण एक प्रश्नच होता. वेटोळं करून पिशवीत ठेवली की गुंता होतो, आणि एकदा तारेला घडी पडली की ती सरळ होत नाही, सरळ केली तर त्याच जागी तुटते. ह्याचं उत्तर माळ्यावर होतं. पोत्यात मागाच्या लाकडी कांड्या होत्या, दोनशे तरी असतील, काहींवर अजून जुनं सूत गुंडाळलेलं, पिवळं पडलेलं. त्या मी पुसून घेतल्या आणि एकेका कांडीवर एकेक तार गुंडाळली, बुडाला मिलीमीटर लिहिले. भिंतीला एक फळी, तिला खिळे, खिळ्यावर कांड्या. तार ओढली की कांडी फिरते. अक्कांच्या सुपातलं बघून प्रत्येक कांडीच्या डोक्याला करवतीनं एक खाच पाडली, टोक तिथं अडकवायचं, सुटं टोक कधीच नाही. स्टेटसच्या फोटोत मागं दिसत होतं ते लाकडाचं हेच.

चांदीच्या तारेची एक गंमत. मी चांदीची तार थोडीच ठेवते, ९२५ ची, म्हणजे त्यात साडेसात टक्के साधारण तांबं असतं, महाग म्हणून वेगळी झिप लॉकच्या पिशवीत. पावसाळ्यात बघितलं तर काळी. मी सरळ ड्रमवर नाव घेतलं, पाण्याजवळ ओल येणारच, आणि सासूबाईंशी परत विषय काढला, तो ड्रम हलवा म्हणून. जरा वादच झाला. मग तार बाहेर काढली तर दिसलं की सगळी काळी नाहीये, मधे एकच पट्टा काळा, बरोब्बर रबर बँडच्या रुंदीचा. वेटोळं सुटू नये म्हणून मी रबर बँड लावला होता ना. रबरात गंधक असतं आणि चांदी काळी पडते ती गंधकानंच. ड्रम निर्दोष सुटला. सासूबाईंना सांगायला मला दोन दिवस लागले. आता चांदीला सुती दोरा बांधते, पिशवीतली हवा दाबून काढते आणि आत एक खडूचा तुकडा टाकते, ओलीसाठी.

डाग देणं, म्हणजे टाका लावायचं काम, मी ह्या खोलीत करत नाही, आणि खूप जणी विचारतात म्हणून स्पष्ट सांगते, करणार पण नाही. छोटा गॅसचा टॉर्च मिळतो, व्हिडिओत सोपं दिसतं. पण आमच्या खोलीच्या भिंतीपलीकडं नवऱ्याच्या कामातले टॉवेलचे गठ्ठे असतात, वर पत्रा, खिडकी एक. शिवाय काही टाक्यांत, म्हणजे जोडायला वितळवतात त्या धातूत, कॅडमियम असायचं, त्याचा धूर फुप्फुसाला फार वाईट, आणि स्वस्तात मिळालेल्या टाक्यात काय आहे ते आपल्याला कुठं कळतंय. तेवढं काम जमवून ठेवते आणि महिन्यातून एकदा सराफ बाजारात देऊन येते, कारागिरांना चहा, मला पण चहा.

तारेचे कापलेले तुकडे ही अजून एक डोकेदुखी. कटरनं कट केलं की टोक उडतं, आणि ते नेमकं कुणाच्या तरी अनवाणी तळव्यात सापडतं. आता कापताना टोक खाली टेबलाकडं धरते आणि वर बोट ठेवते, चष्मा घालूनच. खाली पडलेले उचलायला मी हौसेनं चुंबक आणलं होतं, तर पितळ आणि तांबं चुंबकाला चिकटतच नाही, शाळेत शिकलेलं मी विसरले होते. पण ते चुंबक फुकट गेलं नाही, त्यानं कळलं की मी 'पितळी' म्हणून घेतलेले हुक पटापट चिकटतायत, म्हणजे आत लोखंड आणि वर मुलामा. कानात घालायचं असतं ते, घाम लागला की गंजणार. तेव्हापासून बाजारात जाताना पर्समधे चुंबक असतं आणि दुकानदार माझ्याकडं कसंतरीच बघतात.

शनिवारी खोली झाडते आणि केर चाळणीतून काढते. चहाची मोठी चाळणी. दर वेळी दहा-पंधरा मणी, दोन-चार जंप रिंगा निघतातच. सराफांच्या दुकानापुढची माती गोळा करून धुऊन त्यातला सोन्याचा कण काढणारे झारेकरी असतात, नवरा मला शनिवारी झारेकरीणबाई म्हणतो. म्हणू दे.

जानेवारीत सगळी व्यवस्था कोलमडते हे पण प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. एकीकडं गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वरांची, यात्रा, घरात पाहुणे, नंदीध्वजांची मिरवणूक बघायला जायचं, पोरांना होम मैदानावर पाळण्यात बसवायचं, आणि त्याच दिवसांत संक्रांत, म्हणजे नव्या सुनांचे नि बोरन्हाणाचे हलव्याचे दागिने. पहिल्या वर्षी मी हलवा, सोनेरी कागद, जरीचा दोरा सगळं ह्याच टेबलावर पसरलं, मुकुट अर्धा झालेला, बाजूबंद झालेले, म्हणलं सकाळी उरलेलं करू. सकाळी टेबलाच्या पायावरून वर मुंग्यांची एक रेघ, विटांवरून, पदरावरून, सरळ बाळकृष्णाच्या बासरीपर्यंत, आणि बासरीचा हलवा निम्मा गायब. रात्रीत! साखरेचं काम आहे हे मी विसरूनच गेले होते, माझ्या डोक्यात ते मणीच होते. सकाळी सहापासून परत बसून बासरी केली आणि गिऱ्हाइकाला अकराला दिली, हात थरथरत होते. आता हलव्याचं काम वेगळ्या परातीत, आणि रात्री ती परात पाण्याच्या थाळीत पालथी वाटी ठेवून त्याच्यावर. आई लोण्याला हेच करायची.

उन्हाळ्याचं मात्र मला अजून जमलेलं नाही. पारा ४३ च्या पुढं गेला की पत्र्याखाली दुपारी बसणं म्हणजे शिक्षा, पंखा लावला तर सोनेरी पन्नी आणि बारीक टिकल्या उडतात, नाही लावला तर घामानं पक्कड सटकते. झटपट चिकटणारा ग्लू वापरला तर मण्यांवर पांढरी धुकट झाक येते, ती काही सरळ निघत नाही. मे महिन्यात मी पहाटे साडेपाच ते आठ एवढंच काम करते आणि तेव्हाच्या ऑर्डर कमी घेते. कुणाकडं पत्र्याच्या खोलीचा काही उपाय असेल, एसी सोडून, तर सांगा.

सुया आणि चिमटे ठेवायला मी अण्णांचा धोटा, म्हणजे मागावर आडवं सूत नेतो तो, वापरते. होडीसारखा असतो, आतला पोकळ भाग बरोबर सुईच्या लांबीचा. तो मी त्यांना न विचारता माळ्यावरून काढला होता आणि जरा धाकधूक होती. मागच्या आठवड्यात ते खोलीत आले, मी मोत्याच्या सुईत दोरा ओवत होते, ती सुई केसासारखी बारीक, चार वेळा हुकलं. अण्णांनी धोटा उचलला, सुया काढून चादरीवर ठेवल्या, अंगठ्यानं त्याची टोकं चाचपली, एका बाजूच्या डोळ्यात, म्हणजे सूत जातं त्या भोकात, फुंकर मारली. मग माझ्याच रिळाचा दोरा तोडून घेतला, टोक डोळ्यापाशी आतून धरलं, बाहेरून ओठ लावले आणि सुर्र करून ओढलं. दोरा बाहेर. "असं ओवायचो आमी," म्हणले, "दिवसातून शंभरदा. सूत पोटात जायचं निम्मं."

मग त्यांनी वर भिंतीकडं बघितलं, धोट्यात बसवायला एक कांडी काढली, आणि तिच्यावर हात फिरवून थांबले. तिच्यावर माझी पितळी तार होती, ०.३८ ची. उजेडात धरून त्यांनी ती जरा वेळ बघितली.

"ह्याचं पातळ काय विणतीस?"

मी म्हणलं नथ. त्यांनी टोक खाचेत अडकवलं आणि कांडी परत खिळ्यावर लावली. नळाचा आवाज यायलाय, ड्रमवरचं पॅकिंग उचलायला पाहिजे.